पडद्यावरचा राजा आणि फडातली विठाबाई

अष्टविनायकाच्या यात्रेला निघालेले भाविक ओझरच्या विघ्नेश्वराकडे जाण्यासाठी पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला वळतात. या गावाने महाराष्ट्राला दोन मोठे कलावंत दिले. एक संसदेत पोहोचला. दुसरीचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. हा फरक केवळ नशिबाचा आहे काय?

डॉ. अमोल कोल्हे मूळचे नारायणगावचे. डॉक्टरकीचे शिक्षण घेऊन ते अभिनयाकडे वळले. २००८ साली ‘राजा शिवछत्रपती’ या मालिकेतून ते घराघरात गेले. २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ गाजली. मालिका चालू असतानाच मार्च २०१९ मध्ये त्यांनी शिवसेना सोडून राष्ट्रवादीत प्रवेश केला आणि तीन महिन्यांच्या आत तीन वेळा खासदार राहिलेल्या शिवाजीराव आढळराव पाटलांना शिरूरमध्ये हरविले. २०२४ मध्ये त्यांनी आढळरावांचा पुन्हा पराभव केला. ओझर, जुन्नर, आंबेगाव याच मतदारसंघात येतात.

त्यांचे कष्ट, वक्तृत्व, अभ्यास कोणी नाकारू नये. पण मत नेमके कोणाला पडले, उमेदवाराला की त्याच्या अंगावरच्या जिरेटोपाला? जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी साकारलेला नथुराम गोडसे पडद्यावर आला, तेव्हा हा प्रश्न उलटा फिरून त्यांच्यापुढे उभा राहिला. चित्रपट २०१७ चा आहे, कलावंत आणि भूमिका वेगळी मानावी, अशी बाजू त्यांनी मांडली. पुढे आळंदीला जाऊन आत्मक्लेशही केला. युक्तिवाद बरोबर आहे. मात्र गोडसेची भूमिका नटाच्या माथी मारायची नसेल, तर राजाची भूमिकाही त्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

आता दुसरे नाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जात फडाच्या पाटीवरच लिहिलेली! नऊ महिने भरलेले असताना ही बाई बोर्डावर नाचत होती. मध्येच कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाली, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली. ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. राष्ट्रपतींकडून सन्मान झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा उपचाराच्या खर्चासाठीही दात्यांकडे पाहावे लागले होते. २००६ पासून शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. म्हणजे मेल्यावर हार!

विठाबाईंसाठी हजारोंच्या शिट्ट्या पडल्या, पण एखाद्या पक्षाने त्यांना उमेदवारी द्यावी, असे कोणाच्या मनात आले काय? मालिकेतल्या राजाला समाज मुजरा करतो. फडावरच्या मांगाच्या लेकीवर पैसे उधळतो आणि सकाळी तिला ‘नाची’ म्हणतो. कला दोघांचीही, पण कलेचे सत्तेत रूपांतर करण्याचा परवाना जात आणि भूमिका पाहून मिळतो.

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. तो नटांनाही लागू आहे. खासदाराला संभाजीचे संवाद विचारू नका. गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावात राहुट्या टाकून सुपारीची वाट पाहणाऱ्या तमाशा कलावंताच्या म्हातारपणाचे काय, त्याच्या पेन्शनचे काय, मुलांच्या शाळेचे काय, हे विचारा. तुमच्याच गावचे आहेत ते!