पेसमेकरची तार कुठे बसते, यालाही महत्त्व

पेसमेकर बसवला की हृदयाचा प्रश्न मिटला, असे अनेक घरांत मानले जाते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही ठरते. मंदावलेले ठोके सुधारतात, चक्कर थांबते, माणूस पुन्हा हिंडू-फिरू लागतो. काही रुग्णांना मात्र काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धाप लागू लागते, पायांवर सूज येते. यंत्र उत्तम चालू असते, ठोकेही वेळेवर पडत असतात, तरी हृदय थकत जाते. असे का होते, याच्या शोधातून ‘फिजिऑलॉजिकल पेसिंग’ ही पद्धत पुढे आली. हृदयाला विजेचा संदेश त्याच्या नैसर्गिक मार्गानेच पोहोचवायचा, हे तिचे सूत्र आहे.

हृदयातील जलद मार्ग

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात विजेचा संदेश तयार होतो. तो मधल्या ‘एव्ही नोड’पाशी क्षणभर थांबतो आणि ‘हिस बंडल’ या बारीक जुडग्यातून खाली उतरतो. पुढे या जुडग्याच्या उजवी व डावी अशा फांद्या होतात आणि त्यांचे तंतू खालच्या दोन्ही कप्प्यांत जाळ्यासारखे पसरतात. विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये या जुडग्याचे वर्णन केले. जर्मनीत संशोधन करणारे जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तवारा यांनी १९०६ मध्ये संपूर्ण मार्गाची मांडणी केली.

या तंतूंतून संदेश सेकंदाला साधारण दोन ते चार मीटर वेगाने धावतो. नुसत्या स्नायूतून जायचे तर वेग त्याच्या काही अंशच उरतो. जलद मार्गामुळेच खालचे दोन्ही कप्पे जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात.

नेहमीच्या पद्धतीत पेसमेकरची तार उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला बसवतात. ती जागा गाठायला सोपी आणि तार टिकायलाही चांगली. पण तिथून निघालेला संदेश जलद मार्ग सोडून स्नायूतून हळूहळू सरकतो. डावी बाजू उशिरा आकुंचन पावते. पालखीच्या एका बाजूच्या भोयांनी पाऊल उशिरा टाकले तर पालखी पुढे सरकते, पण हिसके बसतात. तसेच काहीसे इथे होते. ज्यांचे हृदय आधीच दुबळे आहे, त्यांना हे हिसके जास्त बाधतात.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड’ चाचणीत हे स्पष्ट दिसले. हृदयाची पंपिंगची ताकद कमी असलेल्या, पण ठोके मंद नसलेल्या ५०६ रुग्णांच्या यंत्रांचे सेटिंग दोन प्रकारे ठेवले होते. गरज पडली तरच उजवीकडून ठोका देणाऱ्या गटात, मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती होणे या दोन्हींपासून वर्षभर बचावलेले रुग्ण सुमारे ८४ टक्के होते. जास्त ठोके देणाऱ्या गटात ते ७३ टक्के होते.

तिसरी तार आणि तिच्या मर्यादा

काहींच्या हृदयात पेसमेकर नसतानाही डावी फांदी निकामी होते. ईसीजीच्या अहवालात याला ‘लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक’ म्हणतात. अशा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी ‘सीआरटी’ हा उपचार आला. त्यात आणखी एक तार शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत नेतात आणि दोन्ही बाजूंना एकत्र ठोका देतात. ८१३ रुग्णांच्या ‘केअर-एचएफ’ चाचणीत, केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ३० टक्के दगावले, तर सीआरटी मिळालेल्यांपैकी २० टक्के. तरीही जवळपास एक तृतीयांश रुग्णांना अपेक्षित फायदा होत नाही. काहींच्या शिरांची रचनाच अशी असते, की तार योग्य जागी पोहोचत नाही.

थेट मूळ मार्गावर

मग तार थेट नैसर्गिक मार्गावरच का बसवू नये? अमेरिकेतील डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हिस बंडलवर कायमस्वरूपी तार बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. १८ पैकी १२ रुग्णांत ते जमले. पण हे जुडगे फार लहान असते. ते अचूक सापडणे कठीण जाते आणि काहींमध्ये जास्त वीज लागून बॅटरी लवकर संपते.

२०१७ मध्ये चीनमधील वेंझाऊ येथील डॉ. वेइजियान हुआंग यांच्या गटाने पुढची वाट दाखवली. दोन्ही खालच्या कप्प्यांमधील पडद्यात, उजव्या बाजूने तार स्क्रूसारखी फिरवत थेट डाव्या फांदीपर्यंत न्यायची. इथे लक्ष्य मोठे असते आणि वीजही कमी लागते. अनेकदा तिसरी तार आणि महागडे सीआरटी यंत्र टाळता येते. उपचाराचा खर्च खिशातून करणाऱ्या कुटुंबांसाठी हा फरक मोठा आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,७७८ रुग्णांच्या अभ्यासात, मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती होण्याचे प्रमाण या पद्धतीत सुमारे २१ टक्के आणि सीआरटीत २८ टक्के आढळले. मात्र कोणाला कोणती पद्धत द्यायची, हे या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे तो अंतिम पुरावा ठरत नाही. पडद्यात जुन्या हार्ट अटॅकचा व्रण असेल तर तार नेणे अवघड जाते. क्वचित ती पडद्याच्या पार जाते. म्हणून पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी आणि डावी फांदी निकामी असलेल्यांसाठी, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही सीआरटीलाच पहिली पसंती दिली आहे. पंपिंग ३६ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असेल आणि यंत्राला वारंवार ठोका द्यावा लागणार असेल, तर हृदयाला एकत्र आकुंचन पाववणारी पद्धत आधीच निवडावी, असे त्या सुचवतात.

रुग्णांनी काय विचारावे?

हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाला पेसमेकर लागत नाही. औषधे हाच उपचाराचा पाया आहे आणि यंत्र बसल्यावरही ती बंद करायची नसतात. पेसमेकरचा सल्ला मिळाला असेल तर तीन प्रश्न जरूर विचारावेत. इकोमध्ये पंपिंग किती टक्के आहे? ईसीजीत डावी फांदी निकामी दिसते का? आणि यंत्राला दिवसातले किती ठोके द्यावे लागतील?

आधीच पेसमेकर असलेल्यांनी तपासणीच्या वेळी ‘पेसिंग किती टक्के होते’ हे विचारून लिहून ठेवावे. नव्याने धाप लागली, आडवे झाल्यावर गुदमरू लागले, पाय सुजले किंवा दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढले, तर ‘वयामुळे होत असेल’ म्हणून थांबू नये. तातडीने डॉक्टरांना दाखवून इको करून घ्यावा. उजवीकडील ठोक्यांमुळेच हृदय दुबळे झाल्याचे वेळेत लक्षात आले, तर तारेची जागा किंवा यंत्राचा प्रकार बदलून अनेकांचे पंपिंग पुन्हा सुधारते.