घरच्या प्रयोगाने बिघडलेले केस : सलूनवाल्यांनी घाई करू नये

वळणदार केस मुळातच कोरडे. टाळूचे तेल टोकापर्यंत सहज पोहोचत नाही. त्यांवर घरीच ब्लीच किंवा केस सरळ करण्याचे क्रीम लावले की ते काथ्यासारखे होतात आणि गिऱ्हाईक सलूनकडे धावते. आमच्या सलूनवाल्या बांधवांनी लगेच दुसरे केमिकल लावू नये. आधी काय लावले ते विचारावे. काही तयार मेंदींत धातूचे क्षार असतात. त्यांवर पेरॉक्साइड पडले तर केस तापून तुटतात. म्हणून कापलेल्या चार केसांवर आधी चाचणी घ्यावी. काळ्या मेंदीतील पीपीडी या रसायनाने टाळूला खाज, सूज आली असेल तर गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे पाठवावे.

तुटलेला केस कोणतेही तेल पुन्हा जोडत नाही. खराब टोके कापावीत, कंडिशनर लावून ओल्या केसांत रुंद दातांचा कंगवा फिरवावा, गरम इस्त्री बंद करावी. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. १५ सेंटिमीटर खराब केसांच्या जागी नवे यायला वर्षाहून अधिक काळ लागतो, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. आठ दिवसांत केस दुरुस्त करण्याच्या वचनाने एकदाच पैसे मिळतात; खरे सांगणाऱ्याकडे मात्र सारे घर येत राहते, असे आम्हांस वाटते.