सुरीला घरच्या घरी धार

‘चाकू, सुरी, कात्रीला धाऽर!’ अशी हाक देत इथे कुणी दारावर येत नाही. मग सुरी बोथट झाली की आपण नुसता जोर वाढवतो. पातं टोमॅटोच्या सालीवरून घसरतं आणि बोटावर येतं. धारदार सुरीला जोर लागत नाही, म्हणून तीच जास्त सुरक्षित.

एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ३००० नंबर असलेला दगड घ्या. पाण्याचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा आणि ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. आधी १००० ची बाजू. पातं १५ ते २० अंशांत टेकवा. साडेचार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ तेव्हा दगडापासून बारा ते पंधरा मिलिमीटर वर राहते. कोन न बदलता मुठीपासून टोकापर्यंत घासत जा. वरच्या बाजूला धारेच्या कडेशी बारीक खरखर लागली, की तिथवर पोलाद झिजलं असं समजा आणि सुरी उलटा. खरखर तपासताना बोट धारेच्या लांबीवरून फिरवू नका, पाठीकडून धारेबाहेर न्या. शेवटी ३००० वर हलक्या हाताने, खरखर जाईपर्यंत.

लोखंडी विळीवर गंज असेल तर आधी थोडं तेल आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, पात्याच्या लांबीच्या दिशेने.

काचेच्या पाटावर चिरू नका, सुरी डिशवॉशरमध्ये टाकू नका. आणि धार लावली की घरात सगळ्यांना सांगा: कालचा जोर आज नको!