दारूचं वय कोणतं : अठरा, एकवीस की पंचवीस?

आज आपण स्वातंत्र्याचा प्रश्न दारूच्या दुकानासमोर उभा करून पाहू.

महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की, रम किंवा देशी प्यायला २५. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं. मुलाचं लग्न २१ व्या वर्षी होऊ शकतं, पण त्याच लग्नात नवरदेवानं व्हिस्की घेतली तर तो गुन्हा. हसू नका, कायदा आहे! शिवाय नुसतं वय पुरत नाही, परवानाही हवा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो मिळतो, आणि कारण असतं प्रकृती राखण्याचं. बंदीचा कायदा, आरोग्याचं कारण आणि तिजोरीत महसूल, असा हा त्रिवेणी संगम.

आता आपल्या सीमेकडे बघा. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर, शिरपूरच्या पुढे सेंधवा. तिथे मध्य प्रदेशात वय २१. नवापूर ओलांडलं की गुजरात, तिथे १९६० पासून बंदीच. मग तेवीस वर्षांच्या पोराची अक्कल शिरपूर ते सेंधवा एवढ्या रस्त्यात पिकते का?

जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' लिहिलं. दुसऱ्याचं नुकसान होत नसेल तर सज्ञान माणसाला त्याच्याच भल्यासाठी अडवू नये, असं तो म्हणतो. पण त्यानं मुलांना या नियमातून मुद्दाम बाहेर ठेवलं. म्हणजे रेषा हवीच, वाद तिच्या जागेचा आहे. आम्हाला वाटतं, २५ ची रेषा इतकी लांब ओढलीय की ती कोणी मानत नाही, आणि त्या बेपर्वाईत खरी रेषा, अठराची, पुसली जाते.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी त्याला बारमध्ये दारू मिळाली, असा आरोप होता. आकडा २५ असो की २१, टेबलावर ग्लास ठेवणाऱ्यानं वय विचारलंच नाही तर काय उपयोग? बालन्याय कायद्याचं ७७ वं कलम आहे : अठरा वर्षांखालच्याला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. इथल्या किती दुकानदारांना ते माहीत असेल? आणि किती बापांना, जे पोरालाच क्वार्टर आणायला पिटाळतात?

आपल्याकडचाच दाखला घ्या. १९३८ च्या सुमारास, तेव्हाच्या पश्चिम खान्देशात, तळोद्याच्या बाजूला गुला महाराजांनी भिलांना दारू सोडायला सांगितलं. रोज अंघोळ करा, एकमेकांना 'आप' म्हणा, हीही शिकवण होती. वयाची अट कुठेच नव्हती, बरं का. सोडायचं ते मोठ्यांनी आधी. आपला कायदा नेमकं उलटं करतो. पोराला थांबायला सांगतो, मोठ्यांकडून काहीच मागत नाही.

म्हणून आमचं मत असं, की सगळ्या दारूला एकच वय ठेवा, २१ ठेवा. पण वय तपासायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका, आणि पोराच्या हाती पैसे देऊन दुकानात धाडणाऱ्या बापालाही ७७ व्या कलमाची ओळख करून द्या.