वर्गणी भरून मुक्काम : परवडतो कोणाला?

आमचे एक जुने सहकारी दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कागदांची जाड पिशवी घेऊन आमच्याकडे आले. तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झालेले. संघटनेच्या वर्गणीची एकही पावती त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्यांनी विचारले, “सभासद होणे वाईट नाही, असे तुम्हीच आम्हांला जन्मभर सांगत आलात. मग आम्ही एका सहलीच्या क्लबाचे सभासद झालो, यात चुकले काय?” आम्हांला तात्काळ उत्तर देता आले नाही. ते शोधण्याच्या खटपटीतून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

प्रश्न असा : ज्याला फिरायचे आहे, त्याने मुक्कामासाठी आधी वर्गणी भरून सभासद व्हावे, की जेथे जाईल तेथे त्या रात्रीचे पैसे मोजावेत? या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ नमुना इंग्लंडात सापडतो, म्हणून प्रथम तिकडे जाऊ.

त्या देशात मोटारीला जोडून ओढायचे, चाकांवरचे छोटे घर घेऊन हिंडण्याची मोठी हौस आहे. अशा घराला कारवाँ म्हणतात. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त नौदल डॉक्टरांनी निव्वळ हौसेसाठी असे घर मुद्दाम बांधून घेतले, त्याचे नाव ‘वाँडरर’ म्हणजे भटक्या असे ठेवले, आणि घोडे जुंपून ते थेट उत्तर स्कॉटलंडात नेले. पुढे १९०१ मध्ये टॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना काढली. तिचाच आजचा अवतार म्हणजे तेथील कॅम्पिंग आणि कारवाँ क्लब. १९०७ मध्ये कारवाँवाल्यांचा दुसरा क्लब निघाला. एका शिंप्याने लावलेले रोप सव्वाशे वर्षे टिकले, याचे आम्हां संघटनेच्या माणसांना विशेष वाटते.

आता, चाकांवर घर असले तरी माणसाला लागते काय? सपाट जागा, पाणी, शौचकूप, रात्रीची सोबत. ऊसतोडीला जाऊन कोप्यांत राहणाऱ्या आमच्या मराठवाड्याच्या माणसांना हे कोणी शिकवायला नको. छप्पर बरोबर नेता येते. नळ बरोबर नेता येत नाही. क्लब विकतो ती ही जागा आणि हा नळ.

या क्लबांच्या जागा दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या मोठ्या. तेथे व्यवस्थापक असतो, न्हाणीघरे असतात, विजेची जोडणी असते. अशा पुष्कळ जागी बिगर-सभासदालाही घेतात, मात्र त्याच्याकडून रात्रीमागे जादा आकार घेतात. दुसऱ्या जागा लहान. बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या रानाचा कोपरा. १९६० च्या तेथील कायद्याने क्लबांना अशी मुभा दिली, की त्यांनी मान्य केलेल्या रानात एका वेळी पाचपर्यंत कारवाँ उभे राहिले, तर शेतकऱ्याला वेगळा सरकारी परवाना काढावा लागत नाही. अशा ठिकाणी पुष्कळदा एक नळ आणि मैला टाकण्याची सोय एवढेच असते. पण भाडे कमी आणि शांतता भरपूर. या लहान जागा मात्र फक्त सभासदांसाठी असतात.

येथे हिशेब सोपा आहे. समजा, वर्षाची वर्गणी ६,००० रुपये आणि बिगर-सभासदाला रात्रीमागे १,००० रुपये जास्त पडतात. म्हणजे सहाव्या रात्री वर्गणी फिटली. सातव्या रात्रीपासून नफा. जो वर्षात वीस-पंचवीस रात्री हिंडतो, त्याने सभासद व्हावे. जो वर्षातून एकदा तीन रात्री जातो, त्याने जादा आकार देऊन मोकळे व्हावे. जो लहान रानांतूनच मुक्काम करतो, त्याला तर सभासदत्वाशिवाय तो दरवाजाच उघडत नाही. मात्र सुट्टीच्या दिवसांत मोठ्या जागांचे दर चढतात आणि त्या आधीच भरून जातात, हेही जमेस धरावे. एवढे करून वर्गणी वर्षाची असते. पटले नाही, तर पुढच्या वर्षी भरू नये, बात संपली.

हे सारे परके वाटत असेल, तर आषाढीची वाट आठवा. कारवाँ आमच्याकडे नवा असेल. वर्गणी भरून चालता मुक्काम करणे नवे नाही. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजची शिस्त लावली. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक असतात. दिंडीत नाव घालणारा वारकरी आधी भिशी भरतो. तिच्यात दोन वेळचे जेवण, सामान वाहणारा ट्रक, राहुटी आणि पाण्याचा टँकर येतो. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस अशा मुक्कामी दिंडी पोहोचण्याआधी तिच्या राहुट्या उभ्या असतात. जो कोणत्याच दिंडीत नाही, तो मोकळ्या समाजात चालतो. मिळेल तेथे जेवतो आणि देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या पडवीत निजतो.

दिंडीची भिशी परवडते का? समजा, ती ४,००० रुपये आहे आणि वाट वीस दिवसांची आहे. दिवसाला २०० रुपयांत जेवण, निवारा आणि सामानाची ने-आण! तरण्याबांड गड्याला याची गरज नसेलही; पण साठीच्या बाईला डोक्यावरचे गाठोडे उतरले, पावसात कोरडी जागा मिळाली आणि पाय सुजला तर विचारणारे माणूस भेटले, याचे मोल रुपयांत करता येत नाही. शिवाय भरलेल्या पैशातला प्रत्येक दिवस वापरला जातो. एकही रात्र वाया जात नाही. आणि दिंडीचालक डोळ्यांसमोर चालत असतो. आमटी पातळ झाली, तर त्याला तेथेच विचारता येते. पुढच्या वर्षी दिंडी बदलता येते.

आता सहकाऱ्यांच्या पिशवीकडे वळू. नांदेडला एका हॉटेलात “आपल्याला बक्षीस लागले आहे, जोडीने या,” असे बोलावणे आले. चहा झाला, पडद्यावर डोंगर आणि समुद्र दाखवले गेले, आणि दोन तासांनी सही झाली. करार असा, की वर्षातून सात रात्री त्या संस्थेच्या विश्रामधामांत राहण्याचा हक्क, पंचवीस वर्षांसाठी. किंमत तीन लाख; शिवाय देखभालीचे दरसाल १५,००० रुपये, आणि ते वाढवण्याचा अधिकार संस्थेकडे. सही करताना गृहस्थांचे वय ५८. करार संपेल तेव्हा ते ८३ वर्षांचे असतील! ही बेरीज त्या खोलीत कोणी केली नाही.

आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. तीन लाख भागिले पंचवीस म्हणजे वर्षाला १२,०००. त्यांत देखभालीचे १५,००० मिळवले की २७,०००. सातही रात्री वापरल्या, तर रात्र सुमारे ३,८५७ रुपयांना पडते. पण दिवाळीत आणि मे महिन्यात जागा मिळत नसे, आणि जेथे जागा मिळे तेथवरचा रेल्वेचा खर्च झेपत नसे. चार वर्षांत त्यांच्या अकराच रात्री झाल्या. म्हणजे १,०८,००० भागिले ११ : एक रात्र सुमारे ९,८१८ रुपयांना! दुसरा हिशेब याहून बोलका आहे. तेच तीन लाख सात टक्के व्याजाने ठेवले असते, तर वर्षाला २१,००० आले असते. त्यांत देखभालीचे वाचलेले १५,००० घातले, तर हाती ३६,०००. दरसाल सात रात्री, प्रत्येक रात्रीला ५,१०० हून अधिक रुपये खर्चून ते हव्या त्या गावी राहिले असते, आणि मुद्दल जागच्या जागी शिल्लक!

येथे त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. सभासद हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो. संघटनेच्या सभासदाला पावती मिळते, सर्वसाधारण सभेत मत असते, हिशेब मागता येतो आणि बाहेर पडता येते. त्या करारातल्या ‘सभासदा’ला यांपैकी फक्त पावती मिळाली होती. तो सभासद नव्हता. आगाऊ पैसे भरलेला गिऱ्हाईक होता. गिऱ्हाईक असण्यात कमीपणा नाही, पण गिऱ्हाइकाने गिऱ्हाइकाच्याच चोखंदळपणाने वागावे. आपुलकीच्या शब्दावर भुलू नये.

आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. सभासदत्वाची कोणतीही भिंत आत असलेल्यांना ऊब देते आणि बाहेरच्यांना थंडीत ठेवते. म्हणून ज्यांनी भिंतच घातली नाही त्यांचे स्मरण ठेवावे. नांदेडच्या हुजूर साहिबला लंगरच्या पंगतीत कोणाचे नाव-गाव विचारत नाहीत. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या, त्या गोरगरीब वाटसरूंसाठी. तेथे हिशेब दात्याच्या खिशातून होतो. पण होतो, हे विसरू नये.

मग आपल्या रस्त्याचे काय? हदगावावरून नागपूर-तुळजापूर हमरस्ता जातो. इकडे माहूर, तिकडे नांदेड. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे आणि २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केले. परंतु धोरण म्हणजे नळ नव्हे. आमच्या भागातल्या आखाड्यांवर विहीर आहे, लिंबाची सावली आहे, रात्री राखणीला माणूसही आहे. पाच गाड्यांची सपाट जागा आणि स्वच्छ शौचकूप एवढी भर घातली, आणि अशा पन्नास आखाड्यांच्या शेतकऱ्यांनी मिळून सहकारी संस्था काढली, तर वर्षाची वर्गणी मागण्याचा अधिकार तिला खुशाल द्यावा. तोवर आमच्याकडच्या फिरस्त्याने रात्रीचे पैसे रात्री मोजावेत, हेच शहाणपणाचे. जागांचे जाळे आधी, वर्गणी मागून.

सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, एवढेच आमचे सांगणे. वर्षात खरोखर किती रात्री वापरणार? आपण ज्या वाटेने जातो त्या वाटेवर यांच्या जागा आहेत का? वर्गणी वाढवण्याचा अधिकार कोणाचा, आणि हिशेब कोण दाखवणार? बाहेर पडायचे झाल्यास किती दिवसांत, किती पैसे परत? चौथ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर दाखवता आले नाही, तर चहा पिऊन उठावे.

आमच्या सहकाऱ्यांनी देखभालीचा पुढचा हप्ता भरण्याआधी सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवली आहे. निकाल लागायचा आहे. गेल्या आषाढात ते पत्नीसह एका दिंडीत गेले. परत आल्यावर भिशीची पावती आमच्यापुढे ठेवून म्हणाले, “या वेळी एकूणएक रात्री वापरल्या.”