स्वयंपाकघरातली कांदाचाळ

निफाड, येवला, चांदवडच्या पट्ट्यात शेताच्या कडेला बांबूच्या पट्ट्यांच्या लांबट चाळी दिसतात. एप्रिल-मे महिन्यात भरलेला उन्हाळ कांदा तिथे दिवाळीच्या तोंडापर्यंत राहतो, तोही कसल्याही यंत्राविना. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, भिंतींना आणि तळाला फटी, पावसाची झड लागू नये म्हणून पुढे काढलेलं छप्पर. ढीगही चार-पाच फुटांच्या वर चढवत नाहीत, कारण मग तळचा कांदा दबतो आणि त्याच्यापर्यंत वारा पोचत नाही.

शहरातल्या घरी आला की हाच कांदा प्लास्टिकच्या पिशवीत, सिंकखालच्या ओलसर कोपऱ्यात, बटाट्यांच्या अंगावर पडून राहतो. आठवडाभरात त्याच्या पापुद्र्याखाली काळी बुरशी दिसू लागते. कांदा-बटाट्यासाठी लाकडी पेटी घरीच करायची असेल, तर ती फर्निचरच्या दुकानातल्या कपाटावरून करू नये. चाळीवरून करावी.

कांद्याला आणि बटाट्याला काय हवं, ते आधी नीट समजून घेतलं की पेटीचा आराखडा जवळजवळ आपोआप ठरतो. साध्या हवेत साठवलेला कांदा २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता असताना चांगला टिकतो. पावसाळ्यात कोकणात नि मुंबईत आर्द्रता याच्या कितीतरी वर जाते, म्हणून तिथे वाऱ्याचं महत्त्व अधिक. बटाट्यालाही हवा लागते, पण उजेड मुळीच चालत नाही. उजेडात तो हिरवा पडतो. तो हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो. मात्र त्याच उजेडामुळे सालीलगत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती उकडून जात नाहीत. हिरवा भाग जाड कापून टाकावा, बटाटा फारच हिरवा किंवा कडू असेल तर सगळाच टाकावा. शिवाय बटाटा सतत थोडं पाणी सोडत असतो आणि कांद्याला कोरडेपणा हवा असतो. त्यामुळे खण दोन हवेत.

चौघांच्या घराला अडीच फूट उंचीची पेटी पुरते. चार कोपऱ्यांना दीड इंची चौरस पाय, ते तळाखाली चार इंच मोकळे, म्हणजे खालून झाडू फिरतो आणि वाराही. खालचा खण बटाट्याचा: पुढची बाजू आणि दोन्ही कडा बंद, तळाला आणि पाठीला फटी. पेटी भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवली की पाठीमागून हवा खेळते आणि आत अंधारही राहतो. त्यावर आडवी फळी, म्हणजे वरून उजेड झिरपत नाही आणि कांद्याची टरफलंही खाली पडत नाहीत. वर कांद्याचा खण, चारी बाजूंनी पट्ट्यांचा, पट्ट्यांमध्ये तीन-तीन सुतांची फट. आतून पंधरा इंच लांब, बारा इंच रुंद आणि सहा इंच खोल ट्रे केला तर पाच किलो कांदा त्यात निम्म्याच्या थोडा वर येतो. खोली याहून वाढवण्याचा मोह टाळावा. अगदी वर एक उथळ फळी लसणासाठी.

लाकूड कुठलं? सागवान उत्तम, पण त्यातही सालीजवळचं फिकट लाकूड घेऊ नये. भुंगा तेच पोखरतो. शिवण हलकी असते आणि फारशी वाकत नाही. वाडे पाडताना निघालेलं जुनं सागवान मिळालं तर ते चांगलं मुरलेलं असतं. रंधा मारण्यापूर्वी त्यातले खिळे शोधून काढावेत, आणि त्यावर जुना तैलरंग असेल तर कोरडा घासू नये, कारण त्यात शिसं असू शकतं. मालवाहतुकीच्या खोक्यांचं पाइनही चालतं, मात्र त्यावरचा शिक्का पाहूनच. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते स्वयंपाकघरात आणू नये.

फळ्या रुंद घेण्यापेक्षा दीड इंची पट्ट्या का घ्यायच्या, याचं उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे. लांबीत लाकूड जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. फूटभर रुंदीची सागाची फळी दोन-तीन मिलिमीटर फुगू शकते. ती चारी बाजूंनी घट्ट जखडली तर चिरते किंवा ट्रे अडकतो. अरुंद पट्टीत हा फरक नगण्य होतो आणि फट तो सामावून घेते. याच कारणाने मधली आडवी फळी दोन तुकड्यांची करावी, एकाची कड दुसऱ्यावर किंचित चढवून.

जोडणीला खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी स्क्रू वापरावेत. ओलसर हवेत लोखंड गंजतं आणि लाकडावर काळे डाग पाडतं. स्क्रूआधी बारीक छिद्र पाडलं नाही तर पट्टीचं टोक हमखास फाटतं. चौकट उभी राहिली की दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले की पेटी काटकोनात आहे, मग गुण्याचीही गरज उरत नाही. ट्रे ज्या पट्टीवर सरकतो तिला मेणबत्ती घासली की तो अलगद चालतो.

आतून लाकूड कोरंच ठेवावं. बाहेरून जवसाचं तेल द्यायला हरकत नाही, कारण ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल तसं वाळत नाही, ते चिकट राहून खवट होतं. दुकानात मिळणाऱ्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते आतल्या बाजूला नकोच. तेल पुसलेली फडकी चुरगळून टाकू नयेत. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती बाहेर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

बाजारात नवा लाल कांदाही येतो. त्यात पाणी जास्त असतं आणि तो फार टिकत नाही, तेव्हा आठवड्यापुरताच भरावा. मोठा साठा करायचा तर एप्रिल-मे महिन्यातला उन्हाळ कांदा निवडावा: मान बारीक आणि पूर्ण वाळलेली, पापुद्रा घट्ट, कुठेही कोंब नाही. मान जाड आणि ओली असलेला कांदा कितीही चांगल्या पेटीत ठेवला तरी आधी मानेतूनच सडतो.