चौदा जानेवारीचा पतंग

चौदा जानेवारी जवळ आली की उत्तर नागपुरात दोन गोष्टींची तयारी एकदमच सुरू होते. इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलाजवळील नामांतर शहीद स्मारकावर अभिवादनाची, आणि छपराछपरांवर पतंगांची. वडीलधारी मंडळी विचारतात, "आपण संक्रांत करीत नाही, मग पतंग कायले?" पोरे ऐकत नाहीत. हा वाद दरवर्षी घरोघरी होतो, म्हणून आम्ही त्यावर थोडे लिहीत आहोत.

सुगडे, वाण, हळदीकुंकू हे सारे आपल्या मायमाउल्यांनी 1956 च्या धम्मदीक्षेनंतर सोडले, ते योग्यच केले. ज्या समारंभात विधवा बाईला बोलावत नाहीत, त्याचे आपल्याला काय कौतुक? पण पतंग ही काही पूजेची वस्तू नव्हे. पातळ कागद, बांबूच्या दोन काड्या आणि दोरा. तो निघाला चीनमध्ये. जपानात बौद्ध भिक्खूंबरोबर गेला असे सांगतात. त्याला सोवळे-ओवळे नाही. तिळाचा लाडू थंडीत खायलाही कोणाची ना नसावी.

शिवाय हा दिवस आपलाच आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने 1978 च्या जुलैत केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. 4 ऑगस्ट 1978 ला नागपुरात मोर्चा निघाला, गोळीबार झाला आणि त्यात शहीद झालेल्यांत अविनाश डोंगरे हा शाळकरी पोरगा होता. पतंगामागे धावण्याचे वय त्याचे. पुढे 1979 मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला. सोळा वर्षे लागली. पोरांना हे सांगायला पुस्तक उघडून बसवले तर ती जांभया देतात. स्मारकाच्या पायरीवर उभे करून सांगितले तर प्रश्न विचारतात.

म्हणून आमच्या गल्लीतल्या आठ-नऊ घरांनी एक रीत पाडली आहे. सकाळी सर्वांनी मिळून स्मारकावर फुले वाहायची, त्रिसरण-पंचशील घ्यायचे आणि तिथून बेझनबागच्या मैदानावर पतंग घेऊन जायचे. बगिच्यात जाऊन उपयोग नाही, झाडे सगळे पतंग गिळतात. मैदानातही विजेच्या तारांपासून दूरचा कोपरा धरावा. डबे घरचेच: वांग्याची भाजी, पोळ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि बोरे. खर्च म्हणाल तर पतंगांचा आणि दोऱ्याचा, तोही वर्गणीतून.

सकाळी वारा पडलेला असतो. ऊन चढून जमीन तापली की तो सुटतो, तेव्हा दहाच्या आधी पोरांनी कितीही धावपळ केली तरी पतंग नाक घासतच येतो. एकाने पतंग धरून वीस-पंचवीस पावले लांब उभे राहायचे, वाऱ्याकडे पाठ करून दुसऱ्याने दोरा ओढायचा, आणि पतंग वर चढला की ढील द्यायची. मागच्या खेपेस एक पोरगा तासभर बहिणीला चक्रीच धरायला लावत होता. शेवटी आजी ओरडली, "काऊन रे, तिले चक्रीच धरायले आणलं का? दे तिच्या हाती दोरा!" पोरीने दोरा घेतला आणि दुसऱ्याच डावात भावाच्याच दोस्ताचा पतंग कापला. "ओ काट!" सर्वांत मोठ्याने कोण ओरडले असेल, तर आजीच.

आता दोऱ्याचे बोलू, कारण खरी काळजी तिथेच आहे. आपला जुना मांजा सुती. त्याला खळ आणि काचेची पूड लावलेली असते. बोट कापतो, पण जोर पडला की तो स्वतःच तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, तोच त्याचा दोष. रस्त्यावर आडवा आला की दुचाकीवाल्याचा गळा चिरतो. नागपुरात 2021 च्या जानेवारीत एक तरुण असाच गेला, 2023 च्या जानेवारीत वडिलांच्या दुचाकीवर बसलेला एक शाळकरी मुलगा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्येच त्यावर देशभर बंदी घातली. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तरी चोरून विकला जातोच. विकणारा दोषी आहे, पण घरात चक्री आली की ती हातात घेऊन पाहणे आईबापांचे काम. दोरा ताणून पाहा. रबरासारखा लांबला आणि हाताने तुटला नाही, तर तो सुती नव्हे. पोरगा रडला तरी चालेल. सकाळी घेतलेल्या पंचशीलातले पहिले शील काय सांगते, ते त्यालाच विचारा.

त्या दिवसांत कामावर जाणाऱ्यांनी गळ्याला दुपट्टा गुंडाळावा, लहान पोराला गाडीवर पुढे बसवू नये.

दुपारी वारा मंदावला की आम्ही जेवतो आणि मग मोठी पोरे लांब बांबू घेऊन मैदानाच्या कडेच्या झाडांवर अडकलेला दोरा काढतात. विजेच्या तारांजवळचा तेवढा सोडून देतात. आपला, परक्याचा, कोणाचाही. पाखरांचे पाय त्यात गुंततात. गेल्या वेळी पिठाची एक थैली भरून निघाला. घरी आणून आम्ही त्याचे बारीक तुकडे केले, मग कचरागाडीत टाकला.